अर्ज निकाली निघाल्यावर

आदिलाबाद जिल्ह्यात महसूल विभागीय अधिकाऱ्याची, म्हणजे लोक ज्याला ‘आरडीओ’ म्हणतात त्याची, दोन कार्यालयं आहेत. एक आदिलाबाद शहरात, दुसरं उटनूरला. जमिनीचे वाद आणि दाखले या रोजच्या कामांच्या गर्दीत तिथे आणखी एक न्यायाधिकरण बसतं. २००७ साली संसदेने आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा केला. मुलं सांभाळत नाहीत, मारतात, घराबाहेर काढतात अशी तक्रार घेऊन साठी ओलांडलेला कुणीही माणूस या कायद्याखाली इथे येऊ शकतो. वकील करावा लागत नाही. स्वतः येणं जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला किंवा एखाद्या संस्थेला अधिकार देऊन अर्ज करता येतो. न्यायाधिकरणाला वाटलं तर ते स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर आणखी तीस दिवस. निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. रक्कम थकवली तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

कागदावर हा कायदा चांगला आहे, आणि जिथे वापरला जातो तिथे त्याचा उपयोगही होतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सुनावणीत मुलगा मान खाली घालून उभा राहतो, दरमहा अमुक रक्कम देईन असं लिहून देतो, आई अंगठा उठवते, फायलीवर ‘निकाली’ असा शेरा पडतो. मग दोघं खाली उतरतात आणि बऱ्याचदा एकाच बसने एकाच गावाला परततात. ज्या घरात तिला घालून-पाडून बोललं गेलं, ज्या ओसरीत तिचं ताट वेगळं मांडलं गेलं, त्याच घरात ती रात्री निजते. आता तिच्या नावावर आणखी एक गोष्ट जमा झालेली असते: पोटच्या पोराला कचेरीत उभं केल्याची. गाव तिला तेच ऐकवतं. इथे बोलायचं आहे ते या रात्रीपासून पुढच्या काळाबद्दल.

त्याआधी हा त्रास किती मोठा आहे ते पाहू. २०१७-१८मध्ये देशभर झालेल्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक मोठ्या पाहणीत साठीपुढच्या साधारण पाच टक्के लोकांनी आदल्या वर्षभरात आपल्याला वाईट वागवलं गेल्याचं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना मात्र वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांवरून सांगते की घरीच राहणाऱ्या वृद्धांपैकी दर सहांतल्या एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा छळ सोसावा लागतो. या दोन आकड्यांतल्या अंतरावरून आपल्याकडची घरं जास्त प्रेमळ आहेत असा अर्थ काढायची मला घाई नाही. पाहणी करणारा माणूस वही घेऊन दारात बसलेला असतो, आत सून चहा ठेवत असते, मुलगा खाटेवर असतो. अशा वेळी कोणती म्हातारी सांगेल की पेन्शनचे पैसे नातू काढून घेतो? ती म्हणते, ‘बरं चाललंय.’

त्याच लासी पाहणीत आणखी एक आकडा आहे, आणि तो मला जास्त बोलका वाटतो. ठरावीक प्रश्न विचारून तपासलं तेव्हा साठीपुढच्या सुमारे आठ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली. डॉक्टरांनी आपल्याला नैराश्य असल्याचं सांगितलंय असं म्हणणारे मात्र एक टक्काही नव्हते. म्हणजे दहांतल्या नऊ जणांच्या दुखण्याला कुणी नाव दिलेलं नाही, औषध तर लांबच. आपल्याकडचा म्हातारा माणूस ‘मन खचलंय’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, अन्न गोड लागत नाही. हातपाय गळाले. छातीत धडधडतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गावातला डॉक्टर सलाईन लावतो, ताकदीचं इंजेक्शन देतो आणि घरी पाठवतो. विसरभोळेपणा वाढला तर ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं. खरं तर नैराश्यानेही स्मरण मंदावतं, आणि हे स्मरण उपचाराने पुष्कळदा सुधारतं.

अशा दुखण्याचा शेवट कुठे होऊ शकतो, हे अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातल्या एका अभ्यासाने दाखवलं. मार्क लॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८१२ वृद्धांचा तेरा वर्षं माग ठेवला आणि १९९८मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांच्या छळाची अधिकृत नोंद झाली होती, त्यांच्यातले तेरा वर्षांनी फक्त नऊ टक्के जिवंत होते. ज्यांची कसलीच नोंद नव्हती, त्यांच्यातले चाळीस टक्के. वय, आजार, गरिबी यांचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरला. मारहाणीने थेट मेलेले यात जवळपास नव्हतेच. सततचा अपमान, भीती आणि एकटेपणा शरीराला आतून पोखरत जातात.

आता आदिलाबादच्या मातीकडे वळू. कापसाच्या या पट्ट्यात वृद्धांच्या हेळसांडीचं मूळ बरेचदा पट्ट्यात, म्हणजे जमिनीच्या कागदात सापडतं. तेलंगणात २०१८पासून ‘रयतू बंधू’ योजनेखाली एकरी मदत पट्टेदाराच्या खात्यात यायला लागली. त्याच वर्षी ‘रयतू बीमा’ आला: पट्टेदार शेतकरी कोणत्याही कारणाने दगावला तर वारसाला पाच लाख रुपये. विम्याची वयोमर्यादा १८ ते ५९. योजना शेतकऱ्याच्या भल्याचीच आहे आणि अनेक कुटुंबांना तिने सावरलंय. पण साठीच्या उंबरठ्यावरच्या बापासमोर ती एक हिशेब मांडते: पट्टा माझ्या नावावर राहिला तर विमा नाही, पोराच्या नावावर केला तर आहे. पोरगा म्हणतो, बाबा, नावच तर बदलायचंय, शेत कुठे जातंय? २०२०पासून तेलंगणात शेतजमिनीचं दस्तनोंदणीचं काम तहसील कार्यालयातच होतं. सकाळी गेलं की दुपारपर्यंत बक्षीसपत्र होऊन जातं.

आणि ते बक्षीसपत्र तेलुगूत असतं. जैनद, बेला, तांसी या महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या मंडलांत मराठी घरोघरी बोलली जाते. जुन्या पिढीतला माणूस शाळेत गेलाच असेल तर मराठी किंवा उर्दू शिकला. ज्या कागदावर त्याने आयुष्याची कमाई सोडून दिली, तो कागद त्याला वाचताही येत नाही.

कायद्याचं कलम २३ नेमकं अशा बापासाठी आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, घेणाऱ्याने सांभाळ केला नाही तर, परत मागता येते. पण अट कुठे लिहिलेली असावी? डिसेंबर २०२२मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशी अट होती हे सिद्ध व्हायला हवं. नुसतं ‘प्रेमापोटी दिलं’ एवढं पुरत नाही. २ जानेवारी २०२५ला उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या बाजूने, उदारपणे वाचला पाहिजे असं सांगून आईला मालमत्ता परत मिळवून दिली. तिथे मुलाने सांभाळ करायचं लिहून दिलेलं होतं. म्हणून ज्यांच्या घरी असा कागद व्हायचा आहे त्यांनी एक वाक्य हट्टाने घालून घ्यावं: देणाऱ्याचं अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी घेणाऱ्याने आजन्म करायचं आहे, न केल्यास दान रद्द होईल. आणि सही-अंगठ्याआधी ते आपल्या भाषेत मोठ्याने वाचून घ्यावं.

सीमेचा आणखी एक पेच आहे. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत ते मराठी मुलखात गेले, पण सोयरिकी तशाच राहिल्या. सीमेच्या अलीकडे मुलगा, पलीकडे लेक, हे चित्र इथे घराघरात आहे. मुलाने हाकललेली आई आदिलाबादहून किनवटच्या गाडीत बसते आणि लेकीच्या घरी जाते. मग तिला सांगितलं जातं, तुझी केस तेलंगणातली, इथे काय काम? हे चुकीचं आहे. कलम ६ स्पष्ट आहे: अर्जदार जिथे राहतो, शेवटचा जिथे राहत होता किंवा मुलं जिथे राहतात, यांपैकी कोणत्याही जिल्ह्यात अर्ज चालतो. किनवटला लेकीकडे राहणारी आई नांदेड जिल्ह्यात अर्ज करू शकते, मुलगा तेलंगणात असला तरी.

इथवर झाली कायद्याची बाजू. ती भक्कम असावीच लागते, कारण पोटात अन्न नसलेल्या माणसाला धीराचे शब्द देऊन भागत नाही. पण निर्वाह भत्ता सुरू झाला म्हणून मन ताळ्यावर येतं असं नाही. महाराष्ट्रात लातूर जिल्हा परिषदेने २०२०-२१मध्ये आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या काही कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापायला सुरुवात केली. निर्णय धाडसाचा होता आणि मला तो योग्य वाटतो. तरीही पगारातून कापलेले पैसे खात्यात येतात, तेव्हा ते मोजायला जवळ कोण बसतं, हा प्रश्न राहतोच.

त्याचं उत्तर शोधायला मदत करेल असा एक अभ्यास अमेरिकेत झाला आहे. रॉन एसिएर्नो आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये साठीपुढच्या ५,७७७ लोकांना फोन करून छळाविषयी विचारलं. आठ वर्षांनी त्यांतल्या काहींना पुन्हा गाठलं. ज्यांनी पूर्वी छळ सोसला होता त्यांच्यात नैराश्य, चिंता आणि आघातानंतरचा मानसिक त्रास इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होता. आठ वर्षं उलटली तरी मनाच्या जखमा ओल्या होत्या. पण त्यांच्यातही ज्यांना आज भक्कम सामाजिक आधार होता, ज्यांचं ऐकून घेणारं, मदतीला येणारं, सोबत बसणारं कुणी होतं, त्यांच्यात चिंतेचा विकार आणि खालावलेली तब्येत यांचं वाढीव प्रमाण जवळपास नाहीसं झालं होतं. बाकीचा त्रासही बराच कमी होता. या विषयावरचं जे काही मी वाचलं त्यात हा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो. झालेला छळ पुसता येत नाही, पण त्यानंतर माणसाभोवती कोण आहे हे बदलता येतं, आणि त्याने फरक पडतो.

मात्र ‘आधार द्या’ असं नुसतं म्हणून हातात काही येत नाही. आधार कसा द्यायचा याचीही एक पद्धत असते आणि ती शिकता येते. तिचा एक चांगला नमुना गोव्यात घडला. ‘संगत’ ही संस्था आणि गोवा मेडिकल कॉलेज यांच्या अमित डायस, विक्रम पटेल आदी संशोधकांनी ‘डिप्रेशन इन लेटर लाइफ’ हा प्रयोग केला. साठीपुढचे, नैराश्याची सुरुवातीची लक्षणं असलेले १८१ लोक निवडले. त्यांच्यापैकी निम्म्यांकडे मानसोपचारतज्ज्ञ गेले नाहीत. थोडं प्रशिक्षण घेतलेले साधे समुपदेशक गेले. त्यांनी रोजच्या अडचणी सोडवायची रीत शिकवली, झोपेच्या सवयी सुधारल्या, मधुमेहासारख्या आजारांची काळजी समजावली आणि सरकारी योजनांचे कागद पुरे करायला मदत केली. वर्षभरानंतर या गटात चारच जणांना तीव्र नैराश्य आलं, दुसऱ्या गटात तेरा जणांना. निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. हे सगळे छळाला बळी पडलेले लोक नव्हते, हे खरं. पण न्यूयॉर्कमध्ये जो अॅन सायरी यांनी छळग्रस्त वृद्धांसाठी ‘प्रोटेक्ट’ नावाचा कार्यक्रम आखला, त्याचा गाभाही हाच आहे: कायदेशीर मदत जिथे मिळते तिथेच मनाची विचारपूस, आणि एका वेळी एक अडचण सोडवण्याचा सराव. तिथे मदत मागायला आलेल्यांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्शात नैराश्याची किंवा चिंतेची ठळक लक्षणं सापडली होती.

हे आपल्या गावात कसं दिसेल? जैनद मंडलातली एक सत्तरीची बाई डोळ्यांसमोर आणा. कल्पनेतलीच, पण तुमच्या ओळखीची वाटेल अशी. नवरा गेलेला, चार एकर पट्टा मुलाच्या नावावर, अर्ज निकाली निघालेला, दरमहा ठरलेली रक्कम कधी येते कधी नाही. आशा कार्यकर्ती तिच्या ओसरीवर टेकते. छळाचा विषय काढत नाही. ‘मावशी, या आठवड्यात सगळ्यात जड काय गेलं?’ एवढंच विचारते. बाई म्हणते, ‘दिवस जात नाही, अन् रात्र तर त्याहून नाही.’ आशा ऐकून घेते. मध्ये मध्ये ‘जाऊ द्या मावशी, देवावर सोडा’ असं म्हणत नाही, कारण त्या वाक्यानंतर समोरचा माणूस बोलायचं थांबवतो. हळूहळू तीन-चार गोष्टी बाहेर येतात. डोळ्याला दिसत नाही, मोतीबिंदू असावा. पेन्शनचं पुस्तक नातवाकडे असतं. हरिपाठाला जाणं सुटलंय, कारण बायका विचारतील. रात्री दार वाजलं की दचकायला होतं.

आता यांतली कोणती आधी घ्यायची हे बाईनेच ठरवायचं असतं. आशाला वाटेल पेन्शन सर्वांत महत्त्वाची. आसरा, म्हणजे आताची चेयूता योजना, तिचे महिन्याला २,०१६ रुपये हेच तर हक्काचे. पण बाई म्हणते, मला हरिपाठाला जायचंय. मग तेच. शेजारची कोण बरोबर येईल? कोणत्या वारी? कुणी विचारलंच तर काय सांगायचं? ‘आता बरं आहे, विठ्ठलाचं नाव घ्यायला आले’ असं उत्तर दोघी मिळून ठरवतात. पुढच्या आठवड्यात आशा पुन्हा येते आणि विचारते, जमलं का? नाही जमलं तर का नाही? जमलं असेल तर पुढची अडचण घ्यायची: पोस्टात स्वतः जाणं, नातवाला बरोबर न घेता. महिना-दीड महिन्यात डोळे तपासायला आदिलाबादच्या ‘रिम्स’मध्ये. सहा-सात भेटींत बाईचा संसार बदलत नाही. आपलं काहीतरी आपण ठरवू शकतो, ही हरवलेली जाणीव मात्र परत येते, आणि नैराश्याची पकड सैल व्हायला ती फार उपयोगी पडते.

हे काम गावातल्या माणसाला जमतं का, अशी शंका घेणाऱ्यांनी अमरावती जिल्ह्याकडे पाहावं. माती तीच, पीकही तेच. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांच्या ‘विश्राम’ प्रकल्पात तीस गावांतून स्थानिक कार्यकर्त्यांनी मानसिक आरोग्याचं काम केलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम चार टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण सत्तावीस टक्क्यांवर गेलं.

असं काम करणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की धरावी लागते. छळ सोसलेल्या आई-बापाला सहसा मुलाला शिक्षा नको असते. त्यांना छळ थांबायला हवा असतो आणि मुलगाही हवा असतो. बाहेरच्याला हे दुबळेपण वाटतं, तो चिडतो, ‘मग तक्रार कशाला केली?’ म्हणतो आणि येणं थांबवतो. ही चीड समजण्यासारखी आहे, पण तिची शिक्षा म्हातारीलाच होते. जीव धोक्यात असेल तेव्हा पोलीस लागतातच, तिथे वाट पाहायची नाही. एरवी वेग तिचा, निर्णयही तिचा.

सुनेबद्दलही बोललं पाहिजे. २००७च्या कायद्यात ‘मुलं’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. प्रत्यक्षात कूस बदलणं, भरवणं, धुणं हे सगळं तिच्याच वाट्याला येतं. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई संध्याकाळी अर्धांगाने पडलेल्या सासूचे कपडे बदलते, आणि तिला मदत करायला घरातला एकही पुरुष उठत नाही. तिच्या तोंडून वाईट शब्द जातो तेव्हा तो छळच असतो, यात शंका नाही. पण आठवड्यातून एक दुपार तिला मोकळी करून देणारं कुणी असतं, तर त्यांतले बरेच शब्द निघाले नसते. थकलेल्या माणसाचा त्रागा आणि पैशासाठी केलेला जुलूम यांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात घराला हात द्यावा लागतो, दुसऱ्यात घरातल्या माणसाला रोखावं लागतं.

काही दिवस घरातून बाहेर पडायचं तर जायचं कुठे? कायद्याचं कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे जणांची सोय असलेला वृद्धाश्रम असावा असं म्हणतं. पण वृद्धाश्रम म्हटलं की लोकांना कायमचा निरोप वाटतो. न्यूयॉर्कमध्ये २००५ साली एका मोठ्या वृद्धनिवासातच छळग्रस्तांसाठी तात्पुरत्या आसऱ्याची सोय सुरू झाली. काही आठवडे राहा, तब्येत सावरा, कागदपत्रं करा, मग कुठे जायचं ते ठरवा. आपल्याकडे ही सोय लेकीच्या घराने केली आहे, पण लाजेच्या ओझ्याखाली. ‘लेकीच्या दारात किती दिवस राहायचं?’ हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी बायांनी ऐकलंय आणि म्हटलंय. कायद्याच्या लेखी मुलगा आणि मुलगी दोघंही सारखीच. जावयानेच पुढे होऊन ‘आई, राहा’ म्हटलं तर ते ओझं निम्मं हलकं होतं.

जिल्ह्याच्या आदिवासी भागात आधाराची जुनी रचना आजही शिल्लक आहे. इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला पुष्याच्या अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातल्या नव्या सुनांची तिथे देवाशी आणि कुळातल्या वडीलधाऱ्यांशी ओळख करून देतात, त्या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. जत्रेतच अधिकाऱ्यांसमोर गाऱ्हाणी मांडायचा दरबारही १९४०च्या दशकापासून भरत आला आहे. गोंडांच्या ‘राय सेंटर’मधून ज्येष्ठ मंडळी घरगुती तंटे ऐकतात. म्हाताऱ्यांच्या आबाळीचा विषय या दरबारात आणि राय सेंटरांत मांडला गेला, तर आरडीओच्या नोटिशीआधीच पुष्कळ घरं वळणावर येतील असं मला वाटतं. त्याच वेळी हेही विसरायला नको की करणी-भानामतीचा संशय बहुधा एकट्या, म्हाताऱ्या, निराधार माणसावरच येतो, आणि तो संशय घेणारं गाव हेच त्याचं गणगोत असतं. अशा माणसाला गावाच्या भरवशावर सोडता येत नाही. तिथे पोलीस आणि महसूल खातं आधी पोचायला हवं. महाराष्ट्रात २०१३पासून यासाठी वेगळा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण तो राज्याच्या सीमेपाशी थांबतो.

कापसाच्या मुलखात आणखी एक धोका घरातच ठेवलेला असतो: कीटकनाशकाचा डबा. खचलेल्या माणसाच्या मनात मरणाचा विचार येतो तो बरेचदा काही मिनिटांचा असतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी विष नसलं तर जीव वाचतो. छळ झालेला वृद्ध ज्या घरात आहे तिथे हा डबा कुलपात किंवा शेतातल्या खोलीत गेला पाहिजे. ‘मला आता न्यावं देवाने’ हे वाक्य वारंवार येत असेल, तर ‘जीव द्यावा असं वाटतं का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, आणि तो वीस भाषांत आहे, मराठीतही.

वृद्धांसाठीची देशव्यापी ‘एल्डर लाइन’ १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. तिची सुरुवात तेलंगणातच, हैदराबादला टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने झाली आणि २०२१मध्ये ती देशभर गेली. फोन करताना तेलुगू किंवा हिंदी नीट बोलणारं कुणी शेजारी असलं तर काम लवकर होतं.

केंद्र सरकारने राज्यांना या कायद्याचे जे नमुना नियम दिले, त्यांत एक साधं वाक्य आहे: पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवावी आणि पोलिसाने शक्यतो एखाद्या समाजसेवकाला बरोबर घेऊन महिन्यातून एकदा तरी त्यांची भेट घ्यावी. अर्ज निकाली निघालेल्या प्रत्येक आई-बापाचं नाव आपोआप या यादीत जायला हवं, आणि त्या महिन्याच्या भेटीला आशा किंवा बचत गटातली एखादी बाई बरोबर असायला हवी. यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळा निधीही फारसा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या एका परिपत्रकाने हे सुरू होऊ शकतं, आणि ते सुरू करावं अशी माझी आदिलाबादला, तशीच नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूरलाही विनंती आहे.

तोवर तुमच्या गल्लीत, तुमच्या सोयऱ्यांत असं कुणी असेल तर या आठवड्यात जाऊन बसा. सल्ला देऊ नका, ऐका. आणि निघताना पुढच्या कोणत्या वारी येणार ते सांगून, त्या वारी नक्की जा.